पिठाच्या पिशवीतल्या घड्या

थेरगाव,
१४ जानेवारी २०२४

चि. उत्कर्षास,
अनेक आशीर्वाद.

आज रविवार. सकाळी सहाला उठलो. भोपळ्याने हॉलमध्ये लघवी केली होती, ती पुसली. दहा वाजता त्याला रिक्षात घालून डांगे चौकाजवळ डॉ. शाहीन यांच्या जनावरांच्या दवाखान्यात नेलं. एक्स-रे काढला. बाराला परत आलो. खिचडी टाकली. खालच्या दुर्गाबाईंनी उद्याच्या संक्रांतीचे लाडू आणून दिले.

फोन करू नका, काय असेल ते लिहा, असं तू म्हणालीस म्हणून लिहितो आहे. मला पत्राची सवय नाही. सुपरवायझर असताना शिफ्टचा रिपोर्ट लिहायचो, तेवढंच.

भोपळ्याला बारा वर्षं पूर्ण झाली. अडतीस किलो वजन आहे. पिल्लू असताना वाटोळा होता म्हणून तुझ्या आईने हे नाव ठेवलं, आता जर्मन शेफर्डला असं नाव म्हणून दवाखान्यात लोक हसतात. डॉक्टर म्हणाल्या, पाठीच्या मणक्यांची झीज झाली आहे. मागच्या पायांतली ताकद जाते आहे आणि लघवीवरचा ताबाही. शिवाय मूत्राशयात जंतू झाले आहेत. औषधं दिली आहेत.

मात्र शहाणा आहे. चूक झाली की मी काही बोलायच्या आत पाय ओढत मागच्या गॅलरीत जातो आणि भिंतीतल्या कडीपाशी मान खाली घालून बसतो. जुनी शिस्त विसरलेला नाही.

वर्षश्राद्ध ३० एप्रिलला येतं, असं गुरुजींनी सांगितलं. तू आणि जावईबापू यावं. आई गेल्यानंतर तू तेराव्यालाच निघून गेलीस, त्यानंतर आली नाहीस. मी कारण विचारत नाही. पण यावं.

तुझे,
बाबा


जळगाव,
२७ जानेवारी

ती. बाबा,
सा. न.

पत्र मिळालं. शाळेत दहावीच्या परीक्षेची कामं चालू आहेत, ऑफिसात मी एकटीच आहे. एप्रिलचं आत्ता सांगता येणार नाही.

आईच्या कपाटाला हात लावू नका. मी जाताना सांगितलं होतं, परत सांगते. आले तर मी स्वतः आवरीन.

भोपळ्याला इंजेक्शन देऊन सोडवता आलं तर सोडवा. उगाच ओढू नका.

तो बेल्ट अजून वापरता का?

उत्कर्षा


थेरगाव,
११ फेब्रुवारी

चि. उत्कर्षास,
आशीर्वाद.

बेल्टचं विचारलंस ते बरं केलंस. नाही वापरत. चार वर्षांपूर्वी तो आमची गादी ओली करायचा, आठवड्यातून दोन-तीनदा, ते तुला माहीत आहे. कंपनीतून आणलेला मशीनच्या बेल्टचा हातभर तुकडा होता, त्याने मी त्याला मारायचो आणि दिवसभर गॅलरीत कडीला बांधायचो. ते साधारण वर्षभर चाललं. मग बेल्ट हरवला. दुसरा आणायचं राहून गेलं. मी तेव्हा चुकलो, हे मान्य करतो. तो आजाराचीच सुरुवात असणार.

एक गोष्ट मात्र जुळत नाही. डॉ. शाहीन यांना मी हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "काका, चार वर्षांपूर्वी हा आठ वर्षांचा होता, मणके ठीक असणार. हा त्रास सहा-आठ महिन्यांचा आहे. तेव्हाचं काहीतरी वेगळं होतं." वेगळं काय ते त्यांनाही सांगता येईना.

त्यांनी मला झापलंही. विचारलं, "पाणी किती देता?"

म्हटलं, "संध्याकाळी पाचनंतर बंद करतो."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी कशाला सांगायला पाहिजे? चाकणला चाळीस माणसांची लाइन चालवली मी. दोन ब्रेकशिवाय कुणाला लघवीला सोडलं नाही. सवय लावली की शरीर ऐकतं."

"हा तुमचा ऑपरेटर नाही, काका. पाणी तोडलं की जंतू वर चढतात. किडनीपर्यंत गेले तर माणूससुद्धा वाचत नाही, हा तर मुका जीव. पाणी वाढवा."

आता वाढवलं आहे. त्यामुळे गळणंही वाढलं. पोटाला बांधायला कापड पाहिजे होतं. माझ्या बनियनचे तुकडे पुरेनात, म्हणून तुझ्या आईचं कपाट उघडावं लागलं. तू रागावू नकोस. दुसरं काही हलवलं नाही.

खालच्या खणात, पिठाच्या रिकाम्या पिशवीत, कापडाच्या पट्ट्या निघाल्या. जुन्या साड्यांच्या, आत चार पदर घालून हाताने शिवलेल्या, चारही टोकांना नाड्या. बरोबर बावीस आहेत. भोपळ्याच्या पोटाभोवती जणू मापाने बसतात. त्याच पिशवीत तळाशी तो हरवलेला बेल्टही होता. तुझी आई किती पुढचं बघायची ते बघ. हा म्हातारा झाल्यावर लागतील म्हणून आधीच शिवून ठेवल्या असणार.

तुझे,
बाबा


जळगाव,
१९ फेब्रुवारी

बाबा,

कपाट उघडलंत.

त्या कोणत्या साड्यांच्या आहेत ते लिहा. रंग, काठ सगळं. तुम्ही त्या कशा वापरता, कशा धुता, कुठे वाळत घालता, तेही लिहा. भोपळ्याकडून चूक झाली की तुम्ही आता काय करता, काय बोलता, ते नीट लिहा.

मला वाचायचं आहे.

उत्कर्षा


थेरगाव,
२६ फेब्रुवारी

चि. उत्कर्षास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं, फार बरं वाटलं. तू एवढं विचारलंस म्हणून सविस्तर लिहितो.

सात हिरव्या चौकडीच्या साडीच्या आहेत. ती साडी आई रोज नेसायची. सहा निळ्या, बारीक पांढऱ्या ठिपक्यांच्या. पाच जांभळ्या काठाच्या, ती तुझ्या बारशाची म्हणून जपून ठेवली होती, ती का फाडली कळत नाही. चार पांढऱ्या, पेटीकोटच्या असाव्यात. टाके फार बारीक आहेत.

दिवसाचं असं आहे. सकाळी सात, दुपारी तीन, रात्री दहा अशा वेळा धरल्या आहेत, आपल्या शिफ्टसारख्या. त्याच्या पोटाखालून चादर घालून मागचा भाग उचलतो. मग डॉक्टरांनी शिकवलं तसं, दोन्ही हातांनी ओटीपोट हळू दाबून मूत्राशय रिकामं करतो. पहिल्यांदा जमलं नाही, तो कण्हला. आता हाताला कळतं. मग कोमट पाण्याने पुसतो, खोबरेल लावतो, नाहीतर कातडी सोलते. पट्टी बांधतो. भिजली की बदलतो. दिवसाला सहा लागतात. डेटॉलमध्ये भिजवून हाताने धुतो आणि मागच्या गॅलरीत वाळत घालतो.

चूक झाली तर आता काही बोलत नाही. तो गॅलरीत जाऊन बसायला लागला की मी मागून जातो, पाठीवर हात ठेवतो आणि म्हणतो, "असू दे रे. होतं असं वय झाल्यावर. त्यात लाजायचं काय?" तरी तो वर बघत नाही. परवा मी त्याच्याजवळ फरशीवर बसलो तेव्हा त्याने डोकं मांडीवर ठेवलं. वास येतो, पण वासाची सवय होते. आधी मला वाटलं होतं, होणार नाही.

दुर्गाबाईंनी परवा वाळत घातलेल्या पट्ट्या खालून बघितल्या. त्या वर आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या.

"रंगराव, ह्या कुत्र्याला बांधता व्हय?"

"हो. तिनेच शिवून ठेवल्या होत्या त्याच्यासाठी."

मग म्हणाल्या, "ह्या ठिवून द्या. मी माझं जुनं लुगडं देते फाडून."

"का? चांगल्या आहेत की."

"न्हाई, आपलं म्हटलं." आणि पदर तोंडाला लावून उतरून गेल्या. गावाकडची माणसं, गेलेल्या बाईचं कापड कुत्र्याला नको वाटत असेल. मी असल्या गोष्टी मानत नाही. तुझ्या आईनेही मानल्या नसत्या.

आता तू येशील असं वाटतं. भोपळ्यालाही बघशील.

तुझे,
बाबा


जळगाव,
६ मार्च

बाबा,

त्या पट्ट्या कुत्र्याच्या नाहीत. आई त्यांना घड्या म्हणायची. त्या तिच्या होत्या.

गर्भपिशवी काढल्यानंतर तिला लघवी धरता यायची नाही. खोकली, शिंकली, हंडा उचलला की व्हायची. झोपेतही व्हायची. गादी ओली तिने केली, भोपळ्याने नाही. एकदाही नाही. पहिल्या दिवशी सकाळी तुम्ही विचारलंत, "हा वास कसला?" तिच्या तोंडून निघून गेलं, भोपळ्या चढला होता. तुम्ही बेल्ट काढलात. ती स्वयंपाकघरात उभी राहिली. तिने मला सांगितलं, "मी कानावर हात ठेवले, पण मोजले गं. बारा मारले." एकदा सांगितल्यावर तिला माघार घेता येईना. पुढचं वर्षभर जितक्यांदा गादी भिजली तितक्यांदा त्याने मार खाल्ला, आणि तुम्ही बाहेर गेलात की ती त्याला तूप लावून पोळी चारायची आणि त्याच्याजवळ बसून रडायची. शेवटी तिने बेल्ट लपवला. तेवढंच तिला जमलं.

ती तुम्हाला का सांगू शकली नाही ते विचारू नका. चाकणला तुमच्या साहेबांच्या मुलाच्या लग्नात ती खुर्चीवरून उठली आणि मागे डाग होता. तुम्ही चार माणसांसमोर काय म्हणालात? "लहान आहेस का? घरून आवरून निघता येत नाही?" परत येताना गाडीत तुम्ही तिला पुढे बसू दिलं नाहीत, सीट खराब होईल म्हणून. तुम्हाला आठवत नसेल. तिने मला तारखेसकट सांगितलं.

त्यानंतर ती दिवसाला दोन पेले पाणी प्यायला लागली. तुमच्याकडूनच शिकली होती, सवय लावली की शरीर ऐकतं. घड्या तुम्ही सकाळी फिरायला गेलात की धुवायची, आणि आपल्या गॅलरीत नाही, खाली दुर्गाबाईंच्या मोरीत वाळवायची.

तुमच्या डॉक्टरीणबाईंनी कुत्र्याबद्दल सांगितलं ना, पाणी तोडलं की जंतू वर चढतात, माणूससुद्धा वाचत नाही? तुम्ही ते स्वतःच्या हाताने लिहून मला पाठवलंत. मी ते शाळेच्या ऑफिसात वाचलं. आई त्यानेच गेली. तीन दिवस ताप अंगावर काढला, कारण डॉक्टर लघवीचं विचारतील आणि तुम्ही बाजूला असाल. दवाखान्यात नर्सने तिचे कपडे माझ्या हातात दिले, त्यात एक घडी होती. तेव्हा तिने माझ्याकडून आण घेतली. म्हणाली, "त्यांना सांगू नकोस. त्यांना किळस येईल." मरताना तिला ही काळजी होती.

मी आण पाळणार होते. पण तुम्ही लिहिलंत, "असू दे रे. त्यात लाजायचं काय?" तिने तीन वर्षं त्या घरात हे वाक्य ऐकलं नाही. तुम्हाला ते बोलता येतं. मला वाटायचं, येतच नाही.

तिने मला गेल्या वर्षी जानेवारीतच फोनवर अर्धवट सांगितलं होतं, बाकीचं दवाखान्यात. मी म्हटलं, उन्हाळ्याच्या सुट्टीत आले की दाखवू. ती एप्रिलमध्ये गेली. तो माझा भाग आहे, तो मी तुम्हाला देणार नाही. तुमचा तुम्ही ठेवा.

वर्षश्राद्धाला मी येणार नाही.

उत्कर्षा


थेरगाव,
२ एप्रिल

उत्कर्षा,

पत्र ११ मार्चला मिळालं. उत्तराला उशीर झाला.

चार माणसांसमोर बोललो ते आठवलं. आधी आठवत नव्हतं. सीटचंही आठवलं. मी सीटवर वर्तमानपत्र घालायला सांगितलं होतं, तेही तुझ्या पत्रात नाही. तिने तुला ते सांगितलं नसावं.

पत्र मिळालं त्याच दिवशी खाली गेलो. दुर्गाबाई तांदूळ निवडत होत्या.

म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं."

"व्हय."

"मला का सांगितलं नाही?"

त्यांनी सूप बाजूला ठेवलं नाही. म्हणाल्या, "तुमाला काय सांगायचं, रंगराव? मुक्या जनावराला तुमी सोडलं न्हाई. तिला सोडलं असतं?"

मी म्हटलं, "मी तिच्या अंगाला कधी हात लावला नाही."

"त्येच म्हणते मी," त्या म्हणाल्या. "शेवटची तीन वर्सं न्हाईच लावला."

मी वर आलो.

घड्या त्या दिवसापासून वापरल्या नाहीत. माझी दोन धोतरं आणि सगळे शर्ट फाडले. टाके घालता येत नाहीत, सेफ्टी पिना लावतो, त्या त्याला टोचतात. भोपळ्याची तब्येत उतरली आहे. जेवत नाही. रक्त तपासलं, किडनी गेली म्हणतात. पाण्याच्या बाबतीत मला सुरुवातीला उशीर झाला, असं डॉ. शाहीन यांनी स्पष्ट नाही सांगितलं, पण मी विचारल्यावर त्या रिपोर्ट पाकिटात घालायला लागल्या.

मी त्याला मारलं तेव्हा त्याने एकदाही दात दाखवले नाहीत. दरवेळी तिच्याकडे बघायचा. मला वाटायचं, वाचवायला बोलावतो आहे.

आता तो गॅलरीत जातो तेव्हा मला मागून जाता येत नाही. तो कडीपाशी थांबून राहतो. मी हॉलमध्ये बसतो.

तू ये, असं म्हणत नाही.

रंगराव


जळगाव,
१२ एप्रिल

बाबा,

भोपळ्याला सोडवा. तुमच्या मनाला बरं वाटावं म्हणून त्याला ठेवू नका. त्याने या घरासाठी पुरेसं केलं.

घड्या मला पाठवा. सगळ्या. जाळू नका, कुणाला देऊ नका.

तुम्ही त्याच्यामागे गॅलरीत जात नाही, हे वाचलं. तो तिथे मार खायला थांबतो, बाबा. कुणी आलं नाही तर तो थांबूनच राहील. एवढं तरी तुम्हाला कळायला पाहिजे.

माझं उत्तर तेच आहे.

उत्कर्षा


थेरगाव,
३० एप्रिल

उत्कर्षा,

आज वर्षश्राद्ध झालं. सकाळी सहाला उठलो. फरशी पुसायची नव्हती. साडेनऊला गुरुजी आले, साडेअकराला गेले. स्वयंपाक दुर्गाबाईंनी केला, पण त्या जेवायला थांबल्या नाहीत. पानाजवळ पाण्याचा पेला ठेवा, असं गुरुजी म्हणाले. मी तांब्या भरून ठेवला. ते म्हणाले, एवढं लागत नाही. मी तो तसाच ठेवला.

भोपळ्याला शनिवारी सोडवलं. डॉ. शाहीन घरी आल्या होत्या. तो गॅलरीतच होता, तिथून हलवायला मी नको म्हटलं. तुझं पत्र आल्यापासून मी त्याच्याबरोबर तिथेच बसत होतो. ती कडी मी भिंतीतून काढून टाकली, तरी तो त्याच जागी जाऊन बसायचा. इंजेक्शन द्यायच्या आधी त्याची पट्टी भिजलेली होती. शर्टाचं कापड संपलं होतं. मी पिशवीतून एक घडी घेतली, जांभळ्या काठाची, आणि ती बांधली. तुला विचारायला हवं होतं. तिला विचारायला हवं होतं. डॉक्टरांनी सुई लावली तेव्हा मी पाठीवर हात ठेवला. त्याने अंग आवळलं. शेवटपर्यंत आवळलेलंच होतं.

देहूच्या पुढे डॉक्टरांच्या ओळखीचं शेत आहे, तिथे बांधालगत पुरला. घडी सोडली नाही. म्हणून तुला एकवीसच मिळतील.

त्या मी अगोदर धुतलेल्याच होत्या, पण कुत्र्याला वापरलेल्या आहेत, तशाच पाठवणं बरं दिसत नाही. सकाळपासून बादलीत भिजत घातल्या आहेत. उद्या एक मे, पोस्ट बंद. परवा पाठवीन.

आता चार वाजत आले आहेत. पुढच्या गॅलरीत, रस्त्याच्या बाजूला, अजून दोन तास ऊन असतं. मागे ते कधी येत नाही. चिमटे बाराच आहेत, बाकीच्या कठड्यावर पसराव्या लागतील. पत्र इथे थांबवतो. घड्या पिळून पुढे वाळत घालतो.

रंगराव